अरुंद फटीबाहेरचा रघुजी

प्रिय रघुजी,

तंजावरला ऊन फार असेल, टोपी घालतोस ना? पत्र मिळालं की कळव. नाही मिळालं तरी कळव.

इथली बातमी चांगली आहे. मी घरी बांधत होतो तो रेडिओचा रिसीव्हर एकदाचा चालू झाला. चामराजपेटेत आता घरोघरी एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर. हेडफोन लावला की त्या सगळ्यांची कानात नुसती खरखर. म्हणून त्यात एक बटण बसवलंय. ते फिरवलं की आवाज आत येण्याची फट अरुंद होते, उलट फिरवलं की रुंद. सातवी शिकलेल्या नवऱ्याने या फटीसाठी लागणारे क्रिस्टल एकेक मोजून जुळवले म्हणून अनुसूयेने शेजारच्या शारदाबाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, सरी, बरं झालं, पण यात गाणी लागतात का?

गेल्या रविवारी सकाळी नेहमीसारखा, फट अगदी बारीक करून, तुझ्या मोर्सच्या टिकटिकीची वाट पाहत बसलो. खरखर गेली, पण तूही नाहीस. मग माझं डोकं तुला ठाऊकच आहे. जिन्यावरून पडला असशील, नाहीतर सेटचा शॉक बसला असेल. फोनही तू उचलेनास. तंजावरची गाडी कधी आहे ते विचारायला मी चपला शोधू लागलो, तेव्हा अनुसूया म्हणाली, अहो, पाहुण्याला बोलावता आणि दार लावून बसता, स्वल्प उघडा की! तिने बटण पूर्ण उलटं फिरवलं आणि खरखरीतून तू! तुझा घरगुती ट्रान्समीटर तापला की त्याचा आवाज रेडिओवरच्या ठरलेल्या जागेवरून सरकतो, हे मी विसरलोच. सरकत सरकत तू फटीबाहेर गेला होतास आणि तिथून मला बहिरा म्हणत होतास. हसत हसत मोर्समध्ये उत्तर ठोकताना माझा हात दोनदा चुकला.

पण जाता जाता तू जे सांगितलंस, त्याने माझं जेवण उडालंय. तुझा सेट दुसऱ्यांच्या बोलण्यावर सरकतो अशी रेडिओवरच्या नव्या मंडळींची तक्रार, म्हणून तू स्टेशनच बंद करणार. रेडिओवर बोललो असतो तर सगळ्यांनी ऐकलं असतं, फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. त्यांचं खोटं नाही, पण बंद करू नकोस. सेट घेऊन इकडे ये, दोघं मिळून त्याला जागेवर बसवू. अनुसूयेने माडीवरची खोली झाडून ठेवलीय. रघुजी, तू नसलास तर मी रविवारी सकाळी कशासाठी उठू?

तुझाच, उत्तर येईपर्यंत पोस्टमनला छळणारा,
व्यंकोजी