अकरा ओळी

बामेंडा, ७ मार्च

ति. नेबादादास मांकाचा सा. न.

टामफूकाकांनी बसमधून आणलेला पेनड्राइव्ह मिळाला. लगेच प्रोग्राम लिहायचं ते पायथन संगणकावर बसवायला घेतलं. पट्टी थोडी सरकली आणि थांबली. उरलेलं नेटवरून आणायचं म्हणे. दादा, इथलं नेट सरकारने जानेवारीत तोडलं, म्हणून तर तुला दुआलाहून पाठवायला सांगितलं! तहानलेलीला रिकामी घागर धाडलीस.

संपामुळे शाळाही बंद. तुमच्याकडच्या त्या संगणक वर्गात प्रवेश हवा, तर स्वतः लिहिलेला, चालणारा प्रोग्राम २५ तारखेपर्यंत द्यायचा आहे. नाही दिला, तर जन्मभर माच्या मशीनपाशी काजं करत बसेन. मा विचारते, तू वेळेवर जेवतोस ना.

रागावलेली, तरी तुझीच,
मांका

दुआला, १० मार्च

चि. मांकास अनेक आशीर्वाद.

चूक माझी. दोन फाइली होत्या. लहान ती लवकर उतरेल म्हणून लहान घेतली. सायबर कॅफेवाली बाई हसली. म्हणाली, साहेब, ही नुसती चिठ्ठी, सामान नेटवरच राहिलं. आता अख्खं सामान पाठवतो आहे. मी गोदीतली पोती मोजणारा, मला काय कळतं? रडू नकोस. जेवतो म्हणून माला सांग.

तुझा अडाणी भाऊ,
नेबा

बामेंडा, १५ मार्च

ति. दादास सा. न.

संपामुळे सोमवारी गाड्या नसतात, म्हणून पेनड्राइव्ह काल मिळाला. या वेळी पट्टी सरकलीच नाही. संगणक फार जुना आहे, असं उत्तर आलं. मा म्हणाली, म्हाताऱ्याला नवी विद्या शिकवतेस, तो तरी काय करील.

आता उपाय एकच. तू दिलेलं पुस्तक वाचून वहीत अकरा ओळी लिहिल्या आहेत. छातीचं माप विचारायचं आणि झग्याला कापड किती लागेल ते सांगायचं, एवढंच काम. पान फाडून सोबत ठेवलं आहे. सायबरमध्ये टाइप कर. चुकलं तर यंत्र काय म्हणतं ते जसंच्या तसं उतरवून पाठव. स्वतः टिंबही बदलू नकोस. काम माझंच हवं, असा नियम आहे.

लोभ असू दे, उशीर नको.
मांका

दुआला, १९ मार्च

चि. मांकास आशीर्वाद.

एका बोटाने टाइप केलं. चौथ्या ओळीवर अडलं. यंत्र म्हणतं, अक्षरांना दीडने गुणता येत नाही. सायबरवाली म्हणाली, अहो, एका शब्दाचं काम आहे, आणि पेन्सिल घेऊन पुढे झाली. मी कागद ओढून घेतला. तेव्हापासून झोप नाही. सहा दिवस उरलेत. लिहू देऊ का तिला? कोणाला कळणार आहे? तू हो म्हण.

तुझ्यापुढे हात टेकलेला,
नेबा

बामेंडा, २३ मार्च

ति. दादास सा. न.

नको. माप म्हणजे अक्षरं नव्हेत, आकडा आहे, असं यंत्राला सांगणारी चौथी ओळ बदलून पाठवते आहे. बरोबर आहे की नाही हे सांगणारं इथे कोणी नाही. शनिवारी, २५ ला, चालली तर वर्गाला दे. नाही चालली तर फाडून टाक.

त्यांनी घेतलं तर सोमवारी तिथे मुलाखत, आणि सोमवारी गाड्या नसतात. म्हणजे मला रविवारी पहाटेच निघायला हवं, काही न कळता. तुझं उत्तर वाटेत मला ओलांडून घरी जाईल. मा ते उघडेल. तिला वाचता येत नाही. रस्त्यात सैनिकांच्या चौक्या आहेत, म्हणून ती आत्तापासून माझी पिशवी भरते आणि पुन्हा रिकामी करते.

मोटार पार्कवर, बस थांबतात तिथे, मला घ्यायला येशील तेव्हा माझ्याकडे पाहू नकोस. तुझ्या तोंडावरून सगळं कळतं. पाठमोरा उभा राहा. मी जवळ येऊन हाक मारीन, मग वळ.

तुझी,
मांका