काल तुमची आठवण आली नाही

प्रिय बाई,

काल अकोल्यात नाचले आणि चांगली पंधरा मिनिटं तुमची आठवणच आली नाही. म्हणून लिहितेय. दुसऱ्या कुणाला सांगणार हे? घरी येऊन रडत बसले, तर नवऱ्याला वाटलं पाय मुरगळला!

तुम्ही गेल्यापासून दोन वर्षं मी फक्त तुमच्याच रचना नाचतेय, तुमच्याच संथ लयीत. एक बोलही बदलायचा नाही, हा माझा हट्ट. लोक म्हणतात, "अगदी बाईंसारखी!" पण खरं सांगू? या दोन वर्षांत माझं भान एकदाही हरपलं नाही. पाय नाचायचे आणि डोकं तपासत बसायचं: बाईंचा हात असाच होता ना? मान इतकीच वळायची ना? वाटलं, संपलं आपलं. नाच सोडायच्या विचारापर्यंत आले होते मी.

आठवतं, मूर्तिजापूरहून पॅसेंजरनं यायचे मी अमरावतीला, तुमच्याकडे शिकायला? नाचता नाचता तुमचा चेहरा बघायचे. एकदा खेकसलात, "मले काहून पाहून राहिली? माह्या तोंडावर सम लिवली हाय का?" किती लागलं होतं ते! शाबासकी तर कधी दिलीच नाहीत. एकदा दिली असती तर काय बिघडलं असतं, बाई?

काल तबल्यावर आपले देशमुखकाका होते, इतकी वर्षं तुमच्या साथीला बसायचे तेच. त्यांनी लय चढवली, मला झेपेल त्याच्या जराशी पुढे. तपासायला सवडच उरली नाही! पुढचा बोल, पुढची सम, एवढंच. तुमच्या तिहाईत, तोच तुकडा तिसऱ्यांदा येताना, मी भलतीच गिरकी घेतली, तेही समेवर आल्यावर कळलं. आणि मग लक्षात आलं, तुम्ही मनात नव्हतातच.

काकांपुढे कबूल केलं. ते हसले. "बाई मले म्हनत, पोरगी माह्याकडं पाहते तोवर तिचा नाच माह्याच हाय. शाबासकी देली तं पोरगी जलमभर पाहतच राहीन."

हे मला का नाही सांगितलंत? उगाच वर्षानुवर्षं रुसून होते मी तुमच्यावर!

अजूनही थोडं अपराधी वाटतंय. तरी वचन देते. घुंगरू बांधताना कानाला हात लावून तुमचं नाव घेईन. ठेका सुरू झाला की तुम्हाला विसरेन. आणि त्याची माफी मागणार नाही.

तुमची,
वैशाली