कन्यादानाला कोण बसणार

२ मार्च, रविवार

काल दादाच्या अश्विनीची सुपारी फुटली. मुलगा मंचरचा, माणसं बरी. नारळ दिले-घेतले, फोटो झाले. मग त्यांच्यातले एक म्हातारे म्हणाले, "कन्यादानाला कोन बसनार?" प्रश्न सरळ होता. दादा विधुर, त्याला बसता येत नाही. जोडी लागते. वहिनी गेल्या तेव्हा अश्विनी दुसरीत होती. तेव्हापासून ती माझ्या बायकोच्या, मंदाच्या पदराखाली वाढली.

मंदा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आमीच की. दुसरं कोन?" सगळे माझ्याकडे वळले. मी होकाराची मान हलवली.

आज उपासनेला गेलो नाही. पोट बिघडलंय असं सुशीलाबाईंना कळवलं, उपासना त्यांच्याच घरी असते. पोट ठीक आहे.

५ मार्च, बुधवार

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू. पहाटे उठतो, गुडघे टेकतो. प्रार्थनेत मांडव येतो.

सहा वर्षांपूर्वी येडगाव धरणात बाप्तिस्मा घेतला तेव्हा पौष होता, पाणी झोंबणारं. वर आलो तेव्हा वाटलं, आता ठरवण्यासारखं काही उरलं नाही. एकदा ठरलं की ठरलं. मंदा तेव्हा आली नव्हती. पिशवीत कोरडे कपडे मात्र तिनेच भरून दिले होते. वरती टॉवेल, काढायला सोपा पडावा म्हणून.

तिचा देव्हारा मधल्या खोलीत, माझं वाचन पुढच्या खोलीत. ती माझ्या वाचनात बोलत नाही, मी तिच्या दिव्याला फुंकर घालत नाही. याला मी शांती म्हणत आलो. खोल्या दोन आहेत म्हणून चाललंय, एवढंच.

९ मार्च, रविवार

उपासनेला गेलो. येडगावला, सुशीलाबाईंच्या ओसरीत. आज पाळकांची पाळी होती, उपदेश करायला ते एक रविवार सोडून येतात. तरुण आहेत. सगळे गेल्यावर त्यांना विचारलं.

"देवक आणणं ही पूजा आहे," ते म्हणाले. "कन्यादानात देवांना आवाहन करून मुलगी देतात. तुम्ही पाहुणे म्हणून उभे राहणार असाल तर वेगळं. इथे तुम्ही यजमान." एकदाही थांबले नाहीत. म्हणणं बरोबर होतं. ते इतकं लवकर बरोबर असल्याचा राग आला.

सुशीलाबाई कप गोळा करत ऐकत होत्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आजोबांपासून ख्रिस्ती. म्हणाल्या, "मला कोणी कधी विचारलंच नाही रे. जन्मले, पाणी शिंपडलं, झाले ख्रिस्ती. तुला निदान विचारतात तरी."

मग म्हणाल्या, "मंदाशी बोललास?"

नाही.

१६ मार्च, रविवार

संध्याकाळी दादाच्या बागेत. द्राक्षाची तोड संपत आलेली. सांगायला गेलो होतो, सांगितलं अर्धंच. विचार करतोय म्हणालो.

"इचार करायचा व्हता तर मान कशाला हालवली?"



"इलास, येक दिवस डोळं मीट, राव. दुसऱ्या दिवशी उघड. तुझा येसू काय तेवढ्यात पळून जातोय व्हय?"

शेजारचा गडी हसला. मलाही हसू आलं. मग दादा खाली बघून म्हणाला, "तिची आई असती तर मी तुझ्या दारात आलो नसतो." हे हसण्यासारखं नव्हतं.

२३ मार्च, रविवार

बसावं आणि मनातल्या मनात नकार द्यावा. दोन दिवस हीच वाट धरून आहे. मंत्र दुसऱ्याचे, मन माझं. मन कोणाला दिसत नाही.

पण मग गेली सहा वर्षं मी काय केलं? बाहेर काही न बदलता आत सगळं बदललं, असं स्वतःला सांगत राहिलो. शिकवतो त्या कॉलेजात कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पहिल्यांदाच बाहेर काही करायची वेळ आलीय.

दुसरी बाजू. मला नाही म्हणायला आवडतं. स्टाफरूममध्येही सगळे एका बाजूला झाले की मी दुसऱ्या. हा विश्वास की स्वभाव? बसलो नाही तर येशूसाठी बसलो नाही, की मी कोणीतरी वेगळा आहे हे दिसावं म्हणून? प्रार्थनेत हे विचारतो. उत्तर येत नाही. की मलाच ते ऐकायचं नाही?

३० मार्च, पाडवा

मंदाने गुढी उभारली. दुपारी कपाटातून साडी काढून दाखवली. डाळिंबी रंगाची, जरीचे काठ. कन्यादानासाठी घेतलेली. घडी न मोडता खांद्याला लावून उभी राहिली.

"बरी दिसती का?"

"चांगली आहे."

"पानी सोडताना माझा हात थरथरला तर हसू नका. भटजींसमोर मला कायबी सुचत न्हाई."

आज सांगायचं ठरवलं होतं. साडी परत कपाटात जाईपर्यंत वाट पाहिली. मग श्रीखंड खाल्लं.

६ एप्रिल, रविवार

बारावीचे पेपर तपासत बसलो होतो. अश्विनी आली, समोरच्या खुर्चीतला गठ्ठा उचलून मांडीवर घेतला आणि बसली.

"नाना, तुमी बसणार नाही ना?"

"कोण म्हणालं?"

"कोन कशाला म्हनायला पायजे. दुसरीपासनं बघते तुमचं तोंड. सुपारीच्या दिवशी मान हालवली तेव्हाच कळलं. तुमची अशी मान मी कधी बघितली नव्हती."

मी पेन खाली ठेवलं.

"पप्पांना मी बघते," ती म्हणाली. "निमगाव साव्याचे बाळूकाका हायेत, त्यांची जोडी बसंल. पण काकीला तुमी सांगायचं. ते माझ्यावर टाकू नका."

"राग आला का तुला?"

"आलाय." गठ्ठा होता तसा ठेवून गेली.

७ एप्रिल, सोमवार

सांगितलं. गच्चीवर. मंदा रुखवतासाठी कुरडया घालत होती. बोलताना मी उभाच होतो.

पहिल्यांदा म्हणाली, "मग मी येकटी बसते."

"एकटीला बसता येत नाही."

हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. तरी ते माझ्या तोंडून यावं लागलं.

सोऱ्या दाबत राहिली. एक कुरडई पुरी केली, दुसरी सुरू केली. मग म्हणाली, "तुमी सोडलं म्हनता. तुमचं काय सुटलं त्यात? माझं सोडलंत."

मी तिच्याजवळ बसलो. "सरका," म्हणाली, "वाळवणावर सावली पडती."

१३ एप्रिल, रविवार

दादा बोलत नाही. घरासमोरून मोटारसायकल नेताना हॉर्न देतो, तेवढाच संबंध. मंदा बोलते. गॅस संपत आलाय, दूधवाला आला नाही.

वाटलं होतं, निर्णय झाला की बरं वाटेल. हलकं वाटेल. तसं काही नाही. पहाटे गुडघे टेकतो आणि तिच्या बांगड्या ऐकत राहतो.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

दुपारची मोठी उपासना. पाळकांनी प्रवचनात माझी गोष्ट सांगितली. नाव न घेता, पण ओसरीत बसलेल्यांना नाव कशाला लागतं. विश्वासात मुळं खोल गेलेला माणूस, असं म्हणाले. दोघे-तिघे मागे वळून माझ्याकडे बघून हसले. एकाने नंतर हात हातात घेतला, "भाऊ, लई धीराचं काम."

सोसतंय कोण, आणि कौतुक कोणाचं.

आज वाचनात नेहमीचंच आलं, क्रूसाजवळ त्याची आई उभी होती. हे वाक्य किती वेळा वाचलंय. आज तिथे अडकलो. तो पित्याच्या आज्ञेत राहिला, ठीक. तिला कोणी विचारलं होतं? ती नुसती उभी होती. पुढचं ऐकूच आलं नाही. त्याने तिथूनही, शिष्याला सांगून, तिची सोय लावली, हे घरी आल्यावर आठवलं. मी मंदासाठी काय सोय लावली?

२० एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

पहाटे टेकडीवर उपासना. वाटेत उसाच्या कडेला परवा बिबट्या दिसलेला, म्हणून सगळे एकत्र, टॉर्च लावून, मोठ्याने गात. सुशीलाबाई म्हणाल्या, "गा रे जोरात. त्यालाबी सुवार्ता कळू दे." गाताना आनंद झाला. खरा होता, बनवलेला नव्हता. उजाडलं तेव्हा धरणाचं पाणी दिसलं आणि मी काहीही न मागता नुसता उभा होतो.

आनंद घरापर्यंत टिकला. दारात पत्रिकांचे गठ्ठे होते.

२४ एप्रिल, गुरुवार

हळद. देवक आणायला बाळूभाऊ आणि त्याची बायको. बाळूभाऊच्या खांद्यावर कुऱ्हाड, वाजंत्री, मारुतीच्या देवळापर्यंत वरात. जोडीच्या डोक्यावर कापड धरतात, त्याच्या चौथ्या कोपऱ्याला माणूस नव्हता.

"पावणं," बाळूभाऊ मला म्हणाला, "कापड धरल्यानं काय बाटत न्हाई तुमी." चारचौघं हसली. मी कोपरा धरला. देवळाच्या पायरीशी दुसऱ्याच्या हातात दिला आणि बाहेर थांबलो.

धरायला हवं होतं का, माहीत नाही. पायरीपर्यंत चालतं आणि पायरीच्या पुढे नाही, ही रेघ कोणी आखली? मीच. येशूकडून आली असं म्हणायची हिंमत नाही. पण वर गेलो असतो तर, हेही खरं, की परत खाली आलो नसतो.

२५ एप्रिल, शुक्रवार

लग्न झालं. मंदाने ती साडी नेसली होती. कन्यादानाच्या वेळी भटजींनी जोडीला हाक मारली आणि मंचरच्या त्या म्हाताऱ्यांनी मंदाकडे बघितलं. ती हलली नाही. बाळूभाऊची बायको पाटावर बसली. पाणी तिने सोडलं. मंदा दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून बाजूला उभी. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. ती सरकली नाही, जवळही आली नाही.

निघताना अश्विनी मंदाच्या गळ्यात पडली ती सुटेना. मग माझ्यासमोर वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वादाची प्रार्थना आठवडाभर मनात जुळवली होती. ऐनवेळी येशू, एवढंच म्हणालो, तेही आत.

"काकीला बघा," ती म्हणाली.

२९ एप्रिल, मंगळवार

दादा चहाला आला. अबोल्यानंतर पहिल्यांदाच. कपात बघत म्हणाला, "पार पडलं." गेला. ते माझ्याविषयी होतं की लग्नाविषयी, कळलं नाही. आला, हे पुष्कळ.

मंदाने साडी धुऊन इस्त्रीला दिली. देव्हाऱ्यापुढे हल्ली जास्त वेळ बसते. मी पुढच्या खोलीत वाचतो आणि तेच पान परत वाचतो. माझं मूळ खोल गेलंय म्हणे. मला तर रोज सकाळी ते परत लावावं लागतं.

४ मे, रविवार

सकाळी उपासनेला निघालो तर मंदा दारात, चप्पल घालून.

"मी येते."

"कुठे?"

"तुमच्या तिथं. बघू तरी, कशापायी मला पाटावरनं उठवलं."

मोटारसायकलवर माझ्या मागे बसून ती येडगावला आली. सुशीलाबाई उठून पुढे आल्या, "मंदाताई, या, पुढं बसा."

"हितंच बरंय. हितनं सगळे दिसतात."

दाराजवळच्या सतरंजीवर बसली. डोक्यावर पदर. गाण्यात तोंड उघडलं नाही, प्रार्थनेत डोळे मिटले नाहीत. माझे मिटले असते तर हे मला कळलं नसतं.

माझी प्रार्थनेची पाळी आली. नेहमीची वाक्यं आली, दयाळू पित्या, आणि पुढची. पहिल्याच वाक्याला ती माझ्याकडे बघत होती. सहा वर्षं म्हणतोय ती वाक्यं पाठ केल्यासारखी ऐकू आली. दुसरं वाक्य अर्ध्यात थांबलं.  पंखा फिरत होता. मग म्हणालो, "मंदाला जे दुखलं ते तू बघ. मला बघता आलं नाही." आमेन म्हणायचं राहिलं, ते सुशीलाबाईंनी म्हटलं.

चहा झाला. परतताना कालव्याच्या पुलावर मंदा पाठीमागून म्हणाली, "त्या बाई चहात साखर लई घालतात."

मी विचारलं, "बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

घर आलं. उतरली, पदर सारखा केला, कुलूप काढलं.

"अजून कायी दिसलं न्हाई," म्हणाली. "फुडच्या रविवारी येते."