नंबर बदलला की डोकं थांबतं

३ मार्च, सकाळ
हिचं डोकं कालपासून दुखतंय. ताप किरकोळ. उजेड सहन होत नाही, पडदे ओढा म्हणते. उजेड नको म्हटलं की आमच्या धंद्यातला माणूस लगेच ओळखतो. नंबर! चष्म्याचं दुकान इतकी वर्षं उगाच चालवत नाही मी. तपासायची फ्रेम घरी घेऊन आलो. ही म्हणाली, डोळेच उघडवत नाहीत, अक्षरं कुठली वाचू? म्हणजे निदान पक्कं. अंदाजाने पाव नंबर वाढवला आणि काचा टाकायला दिल्या.

३ मार्च, संध्याकाळ
उलटी झाली. नव्या नंबरची सवय होईपर्यंत होतं असं. चष्मा अजून तयार नाही, हे खरं आहे. पण शरीर आधीपासून तयारीला लागतं.

४ मार्च
ताप वाढला. घाबरण्यासारखं काही नाही. माझ्या दाढेच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या डब्यात होत्या. दाढ लवकर थांबली म्हणून कोर्स मी मध्येच थांबवला होता आणि उरलेल्या जपून ठेवल्या होत्या. याला दूरदृष्टी म्हणतात. सकाळी एक दिली, संध्याकाळी एक. गोळी तळहातावर, पाण्याचा ग्लास दुसऱ्या हातात, इतकी सेवा करतो कोण? ही म्हणाली, घेते, तुम्ही तो दुकानाचा फोन घ्या आधी. एवढ्या तापातही हिचं लक्ष दुकानाकडे. खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायचं विसरू नका, हेही सांगून झालं.
उद्या उतार पडणार. लिहून ठेवतो.

५ मार्च
उतार नाही. मान वाकवता येत नाही. मी उशी बदलली. तेवढ्यात हिची थोरली बहीण आली. मेव्हणीबाईंनी कपाळाला हात लावला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अँब्युलन्स बोलावली. मला विचारलंसुद्धा नाही. घरचा कर्ता पुरुष समोर उभा, हातात उशी.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर. चष्मा सारखा नाकावरून घसरतो. फ्रेम ढिली. ज्याला स्वतःची फ्रेम आवळून घेता येत नाही तो माझ्या बायकोला काय बरं करणार? ढिल्या फ्रेमने हिला हनुवटी छातीला लावायला सांगितली. ही किंचाळली. लग्नापासून मी हिला किंचाळताना ऐकलं नव्हतं.

मेनिंजायटिस वाटतो म्हणे. मेंदूच्या आवरणाला सूज. ती व्हायरसमुळे आली की बॅक्टेरियामुळे, हे पाठीतून सुईने पाणी काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही. बॅक्टेरिया असतील तर जिवाशी खेळ, म्हणून अँटिबायोटिकची इंजेक्शनं लगेच सुरू. मी नंबरचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चष्मा वर सरकवला आणि मेव्हणीबाईंशी बोलायला लागला.
मग विचारलं, घरी काही औषध दिलं होतं का, अँटिबायोटिक वगैरे? मेव्हणीबाई बघत होत्या. मी म्हणालो, छे छे, आमच्याकडे असलं चालत नाही.
आवाज छान ठाम लागला होता.

५ मार्च, दुपार
मला सह्या करायला खाली पाठवलं. सुईने पाठ लुळी पडते असं ऐकून होतो. निघतानाच डॉक्टर म्हणाला होता, नाही पडत. सही केली. ती माझ्या सहीसारखी दिसत नाही.

६ मार्च
पाठीतलं पाणी स्वच्छ निघालं. ढिली फ्रेम खुशीत. आतल्या पेशी आणि साखर बघता व्हायरल वाटतंय म्हणाला. तसं असेल तर बहुतेकांना खास औषध लागत नाही. सलाइन, डोकेदुखीचं औषध, अंधार, शांतता. आपलं आपण बरं होतं. मात्र पाण्याचं कल्चर लावलंय, त्यात जंतू वाढतात का बघायचं. नाही वाढले तर इंजेक्शनं बंद.

एकच गोम आहे म्हणाला. पेशंटने आधी अँटिबायोटिक घेतलेलं असेल तर जंतू असूनही कल्चरमध्ये वाढत नाहीत, आणि बॅक्टेरियाचा आजार व्हायरलसारखा दिसून फसवतो. पण तुमच्याकडे तो प्रश्न नाही, असं म्हणून माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो.

ठराव: उद्या राउंडला सांगून टाकायचं. ताठ मानेने.
(मानेचा शब्द नको. नुसतं सांगायचं.)

७ मार्च
राउंडला मेव्हणीबाई होत्या. बायकांसमोर वैद्यकीय चर्चा शोभत नाही. नंतर कॉरिडॉरमध्ये डॉक्टर एकटा सापडला. खिशात माझा छोटा स्क्रूड्रायव्हर असतोच. म्हणालो, द्या तो चष्मा इकडे. बाकावर बसून दोन्ही स्क्रू आवळले, नाकाच्या पट्ट्या नीट केल्या. तो बिचारा चष्म्याशिवाय आंधळ्यासारखा समोर बसून होता. याहून चांगली संधी कुठली? त्याला माझा चेहरासुद्धा दिसत नव्हता. तोंड उघडलं. म्हणालो, ही फ्रेम तुम्हाला शोभते.

तो आभार मानून गेला. पुढचा पेशंट त्याला खणखणीत दिसला असणार.

८ मार्च, सकाळ
कल्चर निगेटिव्ह. इंजेक्शनं बंद!
मी म्हणालो, असू द्या की एखादं. डॉक्टर म्हणाला, गरज नाही. मी म्हणालो, खर्चाची काळजी करू नका. तो म्हणाला, काळजी खर्चाची नाही, व्हायरसवर ते चालतच नाही. मी म्हणालो, आमच्या घराण्यात इंजेक्शनं फार मानवतात. सिस्टरने तोंड फिरवलं. डॉक्टरने नाकावर बोट नेलं, चष्मा घसरलाच नव्हता, बोट परत खाली. माझं काम चोख असतं.

माझ्या एका 'छे छे'वर त्यांनी औषध बंद केलं. आणि सांगायची वेळ आली की माझी दातखीळ बसते.
ठराव: मी स्वतः लक्ष ठेवायचं, डोळ्यांत तेल घालून.

८ मार्च, दुपार
लक्ष ठेवतोय. ही झोपली की उठवून विचारतो, मला ओळखलंस का? म्हणते, दुर्दैवाने. शुद्ध चांगली आहे. हनुवटी छातीला लाव म्हटलं तर हात जोडले. पडदा किंचित सरकवून डोळे बघितले. सिस्टर आली आणि मला बाहेर काढलं. म्हणाली, यांना अंधार आणि शांतता हेच औषध लिहून दिलंय, आणि तुम्ही दोन्ही देत नाही. दारात खुर्ची टाकली. खुर्ची कुरकुरते म्हणून तीही काढून घेतली.

८ मार्च, संध्याकाळ
हिला पुन्हा कणकण आहे. सिस्टर म्हणते, चढउतार असतोच. तिला काय माहीत.

उभ्यानेच लिहितोय. हिला काही झालं तर ते व्हायरसने केलेलं नसेल. मी केलेलं असेल. दाढेच्या उरलेल्या गोळ्या! फुकट जाऊ नयेत म्हणून! दुकानाचं शटर मी लावतो पण कुलूप नीट लागलंय का ते ही ओढून बघते, इतकी वर्षं. मला कधी ओढून बघावंसं वाटलं नाही. उद्यापासून कोण बघणार? मला भीती वाटते. हे कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहितो.

डॉक्टर घरी गेला. ड्युटीवरचा दुसरा कामात आहे. उद्यापर्यंत थांबवत नाही.

८ मार्च, त्यानंतर
आत गेलो. मेव्हणीबाई उशाशी होत्या. असू देत म्हटलं. ठरवलेलं भाषण होतं, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. रडूच आलं. तुला मी अँटिबायोटिक दिल्या होत्या आणि इथे नाही म्हणून सांगितलं, आता काय होईल माहीत नाही, असं काहीतरी बोललो. मोठ्याने बोललो असणार, कारण शेजारच्या खाटेवरचे उठून बसले.

हिने डोळे उघडले नाहीत. म्हणाली, हळू बोला, डोकं दुखतं. आणि मी घेतल्याच नव्हत्या त्या. कुंडीत टाकल्या.

मी मेव्हणीबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, भाऊजी, तोंड धुऊन या.

९ मार्च
तरी डॉक्टरला गाठलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, माझ्या चुकीच्या माहितीवर तुम्ही एवढा मोठा निर्णय घेतलात. तो फार सौजन्याने वागला. म्हणाला, तुम्ही सह्या करायला खाली गेला होतात तेव्हाच त्यांना विचारलं होतं मी. मिस्टरांनी दिल्या पण गिळल्या नाहीत, असं त्या म्हणाल्या. बहिणीनेही सांगितलं की ती यांची औषधं कधीच घेत नाही. तसं फाइलवर आहे. तुमच्या सांगण्यावर कसं बंद केलं असतं?

मी म्हणालो, बरोबर आहे.
बाहेरच्या लॅबचा रिपोर्टही आला. पाण्यात व्हायरसच सापडला. जीव भांड्यात पडला. तिथे बसल्या बसल्या गाढ झोप लागली. सिस्टरने येऊन उठवलं, मी घोरत होतो.

१२ मार्च
घरी आणलं. अजून थकवा आहे, पडदे ओढलेलेच. नवा चष्मा दुकानातून आला होता. हिने डबी उघडली नाही, जुनाच घातला. आग्रह केला नाही.

ही झोपल्यावर चमच्याने कुंडी उकरली. दाढेच्या दोन्ही गोळ्या सापडल्या. खाली अजून उकरलं. मी गुडघ्यासाठी दिलेल्या. ॲसिडिटीच्या. ताकद येण्याच्या कॅप्सूल, रंग उडालेल्या. माझी उभ्या जन्माची प्रॅक्टिस त्या कुंडीत होती. झाड मात्र तरारलेलं आहे. माती परत सारखी केली आणि पाणी घातलं.

संध्याकाळी हिचं डोकं थोडं दुखायला लागलं. हॉस्पिटलच्या पाकिटातली गोळी काढली, पाण्याचा ग्लास नेला. हिने गोळी हातात घेतली, उलटून पाहिली. ही डॉक्टरांची की तुमची?
डॉक्टरांची, म्हणालो.
मग घेतली. मी तिथेच उभा होतो. हिने आ करून दाखवला.