बागेतली बाई, भाग दोन

३ जून
'बागेतली बाई' या आमच्या भुताच्या मोबाईल गेमच्या दुसऱ्या भागाला पब्लिशर मिळाला. पहिल्या भागात संत्र्याच्या बागेतून चालताना मागून पुष्पलतामावशीचा आवाज येतो, "चालला काहून गा?", आणि लोक हेडफोन फेकतात. तो तिने नरखेडला विहिरीत वाकून दिला होता.
ठरलं. काहीही होवो, आवाजाला हात लावू देणार नाही.

११ जुलै
पब्लिशरच्या सौरवचा मेल. वयोगट तीन वर्षांपासून पुढे, बाई प्रेमळ हवी. कडक नकार लिहिला. पाठवला नाही. आधी शुद्धलेखन तपासतो.

२ ऑगस्ट
बागेत आता लख्ख ऊन. बाई टोपलीतून संत्री वाटते. दर मिनिटाला जाहिरात. दीक्षा, म्हणजे आमचा निम्मा स्टुडिओ, म्हणाली, "याच्यात भेव कुठी आहे?" म्हटलं, सूक्ष्म आहे.

२० सप्टेंबर, सकाळी ९
सौरव म्हणतो, आवाजही बदला, भाषा न्यूट्रल हवी. लगेच 'शुअर' लिहिलं. ही माघार नाही, डावपेच आहे.
मावशीने गावभर सांगून ठेवलंय. दिवाळीला सगळे मोबाईल घेऊन तिच्या ओट्यावर बसणार. तिचा फोन आला, उचलला नाही. कामात होतो.

दुपारी ४
सुचलं. 'बाहेर पडा' बटणामागे मावशीचा आवाज लपवला. पब्लिशरची माणसं जाहिराती दिसतात का एवढंच बघतात. नऊ तासांचा गेम संपवून माणूस बाहेर पडेल तेव्हा ऐकेल. सौरव हरला.
मावशीला अजून फोन करवत नाही.

८ नोव्हेंबर, दिवाळी
गेम आला. कामाचं निमित्त काढून गावी गेलो नाही. पहिला अभिप्राय: 'बंद करताना तेवढी भीती वाटली.' एक स्टार.
मावशीचे अकरा मिस्ड कॉल. बाराव्याला घाबरत उचलला.
म्हणाली, "साऱ्यायनं आयकला गा माहा आवाज. दोन मिनिटं नाही झाले तं जो तो बंदच करून राहिला. शेवटपर्यंत खेळाच नाही लागलं." फार खूश होती. मग म्हणाली, "फोन काहून नाही उचलत? मले भेतो काय?"
नाही म्हणालो.

९ नोव्हेंबर
लोकांना संयम नाही. पूर्ण गेम स्वतः शांतपणे खेळायचा ठरवला.
दुसऱ्या जाहिरातीला बंद केला.
"चालला काहून गा?" मावशीने विचारलं.