आडवी लावलेली गाडी

जांभूळटेप, आंदर मावळ
६ मे २०२१

ती. सौ. आत्यास,
श्रद्धाचा शि. सा. न. वि. वि.

लिंबाचं लोणचं पोचलं. दत्तोबांनी दुधाच्या टेम्पोत बरणी मांडीवर धरून आणली म्हणे, आणि वर मला ऐकवलं की सिस्टरबाई, तुमच्या आत्याचा जीव लोणच्यात तुमच्यापेक्षा जास्त आहे. इथे फोनला रेंज नाही म्हणून आपल्याला पत्रं लिहावी लागतात, याचं मला बरंच वाटतं. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस?

मी इथे नर्स म्हणून आले तेव्हा काका म्हणाले होते की आंदर मावळात पोरगी कंटाळून जाईल. त्यांना सांग, कंटाळायला उसंत नाही. काल उपकेंद्रावर मारामारी झाली. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लस हवी तर मोबाइलवरून नंबर लावावा लागतो. गावची पोरं रेंजसाठी टेकडीवर चढतात, तोवर पुण्या-पिंपरीच्या लोकांनी आमच्या केंद्राचे सगळे नंबर लावलेले असतात. काल त्यांच्या गाड्या रांगेनं आल्या आणि गाव भिंतीला टेकून बघत राहिलं. गावातल्या हौशीराम आबांचा मुलगा ओंकार वराळ्याच्या एका कारखान्यात कामाला आहे. लस घेतल्याशिवाय त्याला गेटातून आत सोडत नाहीत. त्यानं एका गाडीवाल्याला विचारलं की तुमाला नंबर घावतो कसा. तो माणूस हसला. ओंकारनं लोखंडी खुर्ची उचलून त्याच्या तोंडावर मारली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला.

मी फिनेल टाकून फरशीवरचं रक्त पुसलं आणि पुढच्याला इंजेक्शन दिलं. रांग थांबू दिली नाही. रात्रभर मला तेच खटकत राहिलं.

गावकी बसली आणि ठरलं की शनिवारी परगावची एकही गाडी आत येऊ द्यायची नाही. ओंकारची आई झुंबरबाई मला म्हणाली की लस पुण्यातच बनती न्हवं, मग आमच्या वाट्याला निसती धूळच का वो, आमी काय मेल्यावर टोचून घ्यायचं व्हय? मी म्हटलं, लशीचा डबा माझ्या हातात असतो, नंबर नसतात.

काकांना नमस्कार. मी भांडणात पडत नाही ना अशी काळजी करू नकोस. लोभ असू दे, लोणच्याइतका नसला तरी चालेल.

तुझी,
श्रद्धा

*

लोणावळा
७ मे २०२१

चि. श्रद्धास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोनदा दार लावून आले, जणू तो खुर्चीवाला आमच्याच जिन्यात उभा आहे. काका म्हणाले, सरोजिनी, बस जरा. तू त्या ओंकारच्या वाऱ्याला उभी राहू नकोस.

आता आनंदाची बातमी. आपल्या अर्णवला नंबर मिळाला, आणि कुठे माहीत आहे? उद्या, तुझ्याच केंद्रावर! पठ्ठ्या दोन मोबाइल आणि लॅपटॉप घेऊन पहाटेपासून बसला होता. त्याचा दमा तुला माहीत आहे. एप्रिलमध्ये धाकटे भावोजी करोनानं गेले तेव्हापासून तो खोकला की मी उठून त्याच्या उशाशी बसते. गाव अडवणार असं तू लिहिलंस, पण अर्णव का परका आहे? सिस्टरबाईंचा भाऊ म्हटल्यावर कोण अडवेल! मी त्याला तेच सांगून ठेवलंय. सोबत मित्र शार्दूल आहे. दोघांना पिठलं-भात घाल, आणि अर्णवला हळू हातानं टोच. सुई बघून तो अजून डोळे मिटतो.

युगांडातून, कंपालाहून अनुष्काचा फोन होता. तिच्या शेजारची नर्स पहिला डोस घेऊन बसली आहे. पुण्याहून तिकडे जाणारी लशीची खोकी थांबली, आता दुसऱ्याचा पत्ता नाही. ती बाई अनुष्काला म्हणाली की तुमच्या देशाला सांग ना. मी अनुष्काला म्हटलं, आधी घरच्यांच्या ताटात, मग शेजाऱ्यांच्या. लेक चिडली, फोन ठेवला. चिडू दे. आई झाली की कळेल.

हे पत्र दत्तोबा उद्या सकाळीच देतील, म्हणजे अर्णवच्या आधी तुझ्या हातात पडेल. जपून राहा, आणि आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
आत्या

*

लोणावळा
९ मे २०२१

श्रद्धास,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की डावा डोळा बहुधा वाचणार नाही. गालाचं हाड आत गेलंय. काल शार्दूलनं त्याला आणलं तेव्हा मी आधी शार्दूललाच विचारलं की हा कोण. माझं पोर मला ओळखू आलं नाही.

अर्णव सांगतो की गाडी उभी होती, काच खाली करून तो रस्ता विचारत होता, आणि त्या ओंकारनं त्याला खिडकीतून ओढून गुरासारखं मारलं. तू तिथे होतीस. तुझी आई गेल्यावर ज्या घरानं तुला वाढवलं, त्या घरचा मुलगा मातीत पडला होता आणि तू तिथे होतीस!

काकांनी तक्रार दिली आहे. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागेल असं वकील म्हणतात, पण गावातला एक माणूस तोंड उघडणार नाही. सगळं तुझ्या जबाबावर आहे. ओंकारनं काय केलं तेवढं सांग. जास्त नाही, कमी नाही. तो पोरगा तुरुंगात सडला तरी माझं समाधान होणार नाही, पण निदान सडू दे.

सरोजिनी

*

जांभूळटेप
११ मे २०२१

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मला एकदमच मिळाली. अर्णव येणार हे मला माहीत नव्हतं. शनिवारी गावानं वेशीवर बैलगाडी आडवी लावली होती आणि दत्तोबांचा टेम्पो तिच्याच पलीकडे अडकला होता. तुझं पहिलं पत्र त्यात होतं. ते आधी आलं असतं तर मी वेशीवर जाऊन उभी राहिले असते.

आता जे झालं ते लिहिते. एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

हौशीराम आबा त्या गाडीच्या जुवावर बसले होते. गावकीनंच बसवलं होतं, की म्हाताऱ्या माणसावर कोन गाडी घालतंय. सकाळपासून आलेल्या सगळ्या गाड्या त्यांच्याकडे बघून परत फिरल्या. मग पांढरी गाडी आली. मी केंद्राच्या ओट्यावरून पाहत होते. गाडीतून कुणीतरी ओरडलं की सिस्टरचा भाऊ आहे, आणि वेशीवर हशा पिकला. एकजण म्हणाला की सकाळपासून चौथा भाऊ आला, सिस्टरचं माहेर लय मोठं दिसतंय. त्या हशानंच अर्णवचं डोकं फिरलं असावं. त्यानं हॉर्न दाबून धरला. आबा हलले नाहीत. मग गाडी पुढे आली, आत्या. थांबली नाही. आबांचा पाय चाकाच्या आणि जुवाच्या मध्ये सापडला. ते ओरडलेसुद्धा नाहीत, आधी फक्त पायाकडे बघत राहिले.

ओंकारनं जुवाची शिवळ उपसली, ती हातभर लाकडी खुंटी, आणि अर्णवला खिडकीतून ओढलं. तेव्हा मी त्याला ओळखलं आणि धावले. पोचेपर्यंत त्याच्या तोंडावर किती घाव बसले होते कोण जाणे. शार्दूल गावकऱ्यांच्या दगडांच्या मारात गाडीत खाली वाकून बसला होता. मी केंद्रातलं लोखंडी स्टूल नेलं होतं. ते मी ओंकारच्या जबड्यावर मारलं. तो पडल्यावरही मारलं. कुणीतरी माझे केस धरून मला मागे ओढलं, नाहीतर मी थांबले नसते. बुधवारी त्यानं खुर्ची उचलली तेव्हा मला तो जनावर वाटला होता.

तेवढ्यात झुंबरबाईंनी केंद्रातला लशीचा निळा डबा उचलून रस्त्यावर आपटला आणि त्यावर नाचल्या. ना तुमाला, ना आमाला, असं ओरडत होत्या. बाटल्या पायाखाली कचाकच फुटल्या. त्यातच आबांचा दुसरा डोस होता. तळव्यात काचा शिरल्या तरी त्या नाचत राहिल्या. नंतर मीच त्या काचा काढल्या. त्या म्हणाल्या की सिस्टर, माझ्या पोराचं दात तुमी पाडलं, आता माझं पाय शिवा.

काल पोलिसांना जबाब दिला. ओंकारनं काय केलं ते सांगितलं, मी काय केलं ते सांगितलं, आणि गाडीनं काय केलं तेही. तू जास्त नाही, कमी नाही असं लिहिलं होतंस. मला दुसरा मार्ग दिसला नाही.

आबांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वरच्या आळीत ताप सुरू आहे, दोन घरांत माणसं धापा टाकतात. तालुक्याच्या आरोग्य ऑफिसनं सांगितलं की प्रकरण मिटेपर्यंत या गावाला लस नाही. अर्णव गाडी उभी होती म्हणत राहिला तर ते वर्षभर मिटणार नाही. तू अनुष्काला म्हणालीस ना, आधी घरच्यांच्या ताटात? आत्या, शनिवारी वेशीवर सगळे तेच म्हणत होते. गाव म्हणत होतं, गाडी म्हणत होती. आणि स्टूल उचलताना मीही.

मला रागाव, पण तोडू नकोस.

तुझीच,
श्रद्धा

*

लोणावळा
१५ मे २०२१

चि. श्रद्धास,
आशीर्वाद.

डोळा गेला. परवा काढला.

तुझं पत्र मी काकांना दाखवलं नाही. अर्णवच्या खाटेशी बसून मोठ्यानं वाचलं. तू खोटारडी आहेस असं तो म्हणेल याची मी वाट पाहत होते. त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाला की आई, मला वाटलं म्हातारा उठेल. सगळे उठतात.

मी त्याला मारलं. पट्टी बांधलेल्या पोराला, श्रद्धा. एक नाही, चार-पाच. नर्स धावत आली तेव्हा माझा हात त्याच्या केसांत होता. आयुष्यभर शाळेत शिकवताना कधी छडी न उचललेली मी.

काका म्हणतात की पोरीचा जबाब वकील उडवून लावतील, तिनंच तर ओंकारला मारलं, तिचं कोण ऐकणार. आपण गाडी उभी होती म्हणून चिकटून राहायचं. तसं केलं तर सुटूही आम्ही. पण त्या वरच्या आळीतल्या माणसांना धाप लागली असेल, आणि डबा यायचा नाही, तो माझ्या घरातल्या एका खोट्यापायी. अर्णवची धाप मी ऐकली आहे. ती कुणाच्याही छातीत सारखीच वाजत असणार.

उद्या मी अर्णवला घेऊन पोलीस ठाण्यात जाते. गाडी पुढे घातली हे तो स्वतःच्या तोंडानं सांगेल. रडत कबूल झाला आहे. एका डोळ्यानं रडतो. काकांनी बजावलंय की गेलीस तर या घराचा जिना पुन्हा चढू नकोस. ओंकारला मी माफ केलेलं नाही. करीन असं वाटतही नाही. त्याची केस चालू दे.

तू बरोबर केलंस असं मला आज लिहिता येत नाही. मागू नकोस. पण दत्तोबांच्या टेम्पोत बसून उद्या सकाळी ये. ठाण्याच्या दारात उभी राहा. माझ्याशी बोलू नकोस, अर्णवला हात लावू नकोस, नुसती मला दिसशील अशी उभी राहा. ऐन वेळी मी त्याला घेऊन मागे फिरेन, अशी मला भीती वाटते.

तुझी,
आत्या