गाडी विकणे नाही

रत्नागिरी,
नोव्हेंबर २००८

प्रिय भागोजी,

कळविण्यास अत्यंत खेद होतो की, ज्या रत्नागिरीत आंब्याची पेटी ठोकायला सतरा जातींचे खिळे मिळतात, त्याच रत्नागिरीत आपल्या रिमोटच्या गाडीची मोटर सोडवायला एक बारीक ॲलन की मिळत नाही. दुकानदार ट्रॅक्टरला चालतील अशा दाखवतात. शेवटच्याने विचारलं, काका, नातवाची गाडी का? म्हटलं, नाही, माझीच. त्यावर त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी विचारलं. वेडाला आपल्या गावात एवढा मान आहे हे मला ठाऊक नव्हतं.

तू पालीहून पाठवलेलं गिऱ्हाईक परवा येऊन गेलं. अर्धी गाडी भागोजीरावांची, त्यांना ती काढून टाकायची आहे, म्हणाला. मी विचारलं, अर्धी म्हणजे पुढची की मागची? चहा पाजला आणि वाटेला लावला. विकणार नाही. तुझी अर्धीही नाही आणि माझी तर नाहीच. तुझ्या घरून काशीताई सांगत होती, तू दिवसभर पडवीत भिंतीकडे तोंड करून बसतोस, आणि आता देवाचं नाव घ्या म्हणणाऱ्यांची रीघ लागलेली असते. देवाला तुझा आवाज ओळखू तरी येईल का रे? आजवर तू त्याचं नाव घेतलंस ते फक्त गाडी भिंतीवर आपटल्यावर.

आता बातमी. शौनकने सिंगापूरहून ब्रशलेस मोटर पाठवली आणि सोबत तिचा स्पीड कंट्रोलर. लेकाला मीच सांगितलं होतं, दोन्ही पाठव, कारण जुन्या कंट्रोलरवर ही बाई जागची हलत नाही. तिला तीन वायरी लागतात, वर सेन्सरची आणखी एक. ॲलन की नाहीच मिळाली, जुनी मोटर शेवटी पक्कडीने काढून नवी बसवली; सोल्डर करताना अंगठा भाजला. हेमाने तूप लावलं आणि म्हणाली, लग्नात हात धरलात तेव्हा हे उद्योग सांगितले नव्हतेत. आवाठातले शेजारीपाजारी हसतात की पन्नाशीनंतर मास्तर वेग वाढवतायत. हसू देत. वेग मी वाढवलेलाच नाही. उलट कंट्रोलरची बटणं दाबदाबून सुरुवात इतकी मऊ करून घेतली आहे की, ट्रिगरवरचं बोट थरथरलं तरी गाडी दचकत नाही. आधी आठवतं ना, बोट टेकलं की थेट पेट्यांच्या थप्पीत! आता आपल्या आंब्याच्या शेडच्या कोब्यावर ती अशी आडवी घसरत जाते की बघत राहावं.

हे सगळं कशासाठी, ते आता सांगतो. तू फोनवर म्हणालास, या खेळाला दोन हात लागतात आणि मला एकच उरला. खरं आहे. डाव्या हातात रिमोट, त्याच हाताचं बोट ट्रिगरवर, उजव्याने रिमोटवरचं चाक. अर्धांगाने तुझा उजवा नेला. पण मेल्या, डावा शाबूत आहे ना! ट्रिगर तू ओढ, शेजारी उभा राहून चाक मी फिरवतो. हेमाला तुझ्या जागी उभं करून, उजवा हात पदरात गुंडाळायला लावून आम्ही सराव केला. आधी भिंती झाल्या, मग पेट्या झाल्या, आणि काल एक अख्खं वळण साधलं. ती म्हणते, भावोजींना बोलवा, माझी आमटी करपते. दोन्ही हात एकाच माणसाचे हवेत, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? असेल तर ते शास्त्र पालीलाच ठेवून ये. तू शेडमध्ये कोसळलास तेव्हा रिमोट माझ्या हातात होता. माझं खेळून झालं होतं, पाळी तुझी होती. डाव न देता घरी पळणाऱ्याला आपण शाळेत काय म्हणायचो, ते या वयात लिहीत नाही, पण मला तो व्हायचं नाही. दुपारच्या पाली एसटीच्या कंडक्टरकडे या पत्राबरोबर रिमोट देतो आहे. सेल नवे घातलेत.

तुझाच,
हरिहर